एस्तेरचं पांढरं चिकन

आमच्या शाळेत सध्या एस्तेर गावितबद्दल जे बोललं जातं, ते ऐकून माझं डोकं तापतं. "माज चढला होता तिला," असं एक सर म्हणाले. "हातातोंडाशी आलेली नोकरी लाथाडली," असं दुसरे म्हणाले. लाथाडली नाही. जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं, म्हणून लिहिते आहे. एस्तेरला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, "लिहा, पण रडकं नका लिहू."

मी सारंगखेड्याची, तापीकाठच्या शेतीवाल्या घरातली. नवापूरच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या डोंगरात एका संस्थेची आश्रमशाळा आहे. तिथे मी आठ वर्षं मराठी शिकवते. मुलं दोनशे दहा, जेवण दोन वेळचं आणि रांधणाऱ्या बायका दोन. गजराबाई कायम नोकरीतली आणि एस्तेर मानधनावरची. नऊ वर्षं मानधनावर. या मे महिन्यात गजराबाई निवृत्त होणार आणि तिच्या जागेवर एस्तेर कायम होणार, हे सगळेच धरून चालले होते. एस्तेरही धरून चालली होती. नवरा इमॅन्युएल कंबरेने अधू होऊन खाटेवर. मुलगी लिडिया बारावी झालेली, नर्सिंगला जायचं म्हणणारी. त्या एका जागेकडे घरातली तिन्ही माणसं डोळे लावून बसली होती.

एस्तेर काही शाळेतच जन्मली नाही. घर ख्रिस्ती आदिवासी. तिचा बाप इसहाक दर दिवाळीनंतर बायकापोरं घेऊन बारडोलीकडे ऊस तोडायला जायचा. एस्तेर सातवीपर्यंत शिकली, तीही अर्धं वर्ष वर्गात आणि अर्धं उसाच्या फडात. लग्न झाल्यावर ती आणि इमॅन्युएल सुरतच्या रस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात कामाला लागले. तो भट्टीवर रोट्या लावायचा, ती मागे भांडी घासायची. चुलीजवळ बायकांना येऊ देत नसत. मलई चिकन ही त्या हॉटेलची खासियत. उस्ताद, म्हणजे तिथला मुख्य आचारी, ते सगळ्यांकडे पाठ फिरवून बनवायचा, कुणाला दाखवायचा नाही.

"मग तू कशी शिकलीस?" मी विचारलं होतं.

"कढई कोण घासायचं?" ती म्हणाली. "कढई घासणाऱ्यापासून काय लपतं, बाई? तळाला काय चिकटलंय, कडेला काय वाळलंय, कुठे साय फुटलीय. सहा वर्षं बोट लावून चाखलं. उस्तादाला वाटायचं, त्याची विद्या त्याच्यापाशी आहे."

गावी परतल्यावर तिने ते आपल्या पद्धतीने केलं. काजू कुठून आणायचे? तिने जंगलातली चारोळी पाट्यावर वाटून घातली. हॉटेलातल्या डब्यातल्या मलईऐवजी घरच्या म्हशीची साय. पांढऱ्या पिसांच्या फार्मच्या कोंबडीऐवजी अंगणातली तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. हळद नाही, तिखट नाही, फक्त हिरवी मिरची. बघायला दुधासारखं आणि चवीला, काय सांगू, असं की पहिल्या घासाला माणूस बोलायचा थांबतो.

माझंही सांगून टाकते. पहिली दोन वर्षं मी तिच्या घरी फक्त चहा घेतला. ती जेवायला थांबा म्हणायची आणि मी म्हणायची आज सोमवार, आज चतुर्थी, आता श्रावण. मी महादेवाची, सोमवार मी खरंच करते, प्रकाशा गावच्या केदारेश्वराला वर्षातून एकदा तरी जाते. पण बाकीच्या दिवशी मी देवाचं नाव पुढे करून खोटं बोलत होते. एका मंगळवारी तिने सरळच विचारलं, "बाई, जेवू देत नाही तो तुमचा देव की तुम्ही?" त्या दिवशी जेवले. त्या खोट्याची लाज मला आजही आहे, म्हणून पुढच्या लोकांबद्दल लिहिताना मी स्वतःला वेगळी काढत नाही.

चार वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाला संस्थेचे अध्यक्ष आले. आमचे मुख्याध्यापक हेमकांत सर एस्तेरला म्हणाले, पाहुण्यांसाठी काहीतरी खास कर. तिने हौसेने केलं. कोंबडी तिची, दूध तिचं, घरी रांधून शाळेत आणलं. अध्यक्ष बोटं चाटत राहिले. तिथेच घात झाला. त्यानंतर अध्यक्ष या भागात आले की आदल्या दिवशी निरोप: एस्तेरचं ते पांढरं चिकन. शाळेपासून चार किलोमीटरवर त्यांचं शेतघर आहे, तिथे बैठक बसायची. शिपाई छगन मोटारसायकलवर यायचा आणि डबा घेऊन जायचा.

आता एस्तेरच्या घराची एक रीत आहे, ती सांगायला हवी. पाहुण्यासाठी कोंबडी कापली, तर पाहुण्याने अंगणात बसून जेवायचं. काळीज पहिल्यांदा त्याच्या पानावर वाढायचं. घरची कापलेली कोंबडी डब्यात भरून दारातून बाहेर पाठवायची ती फक्त आजाऱ्याला नाहीतर बाळंतिणीला. धडधाकट माणसाला पाठवली, म्हणजे त्याला आपल्या दारात बसणं नको आहे, हे आपणच कबूल केलं.

"मग पाठवतेस कशी?" मी एकदा म्हटलं.

"अध्यक्ष बाळंत झालेत असं समजते," ती म्हणाली, "आणि पाठवते."

आम्ही दोघी हसून हसून वेड्या झालो होतो. पण ती डबा बांधताना डोळे मिटून खाणाऱ्यांसाठी प्रार्थना करायची, हेही मी पाहिलं आहे. ज्यांनी तिच्या दाराकडे कधी पाहिलं नाही त्यांच्या पोटाला बरं असो म्हणून.

असं सात वेळा झालं. सातव्या खेपेला, या फेब्रुवारीत, दुसऱ्या दिवशी सकाळी छगनने डबा परत आणून शाळेच्या नळाजवळ ठेवला. मी तिथेच होते. एस्तेरने झाकण काढलं. आत चोखलेली हाडं होती. पिळलेल्या लिंबांच्या साली, पुसून टाकलेले कागद आणि वर विझवलेली दोन सिगारेटची थोटकं.

दोनशे दहा मुलांची ताटं तिच्या देखरेखीखाली घासली जातात, तिला उष्ट्याची किळस नाही. तिने डबा राखेने तीनदा घासला, उन्हात पालथा घातला. संध्याकाळी जाताना फक्त म्हणाली, "बाई, कुत्र्याला टाकायची हाडंसुद्धा माणूस बाजूला काढून ठेवतो."

एप्रिलमध्ये शाळा संपायच्या सुमाराला हेमकांत सरांनी मला ऑफिसात बोलावलं. ते शहाद्याकडचे. गोड बोलायचं असलं की माझ्याशी अहिराणीत बोलतात.

"मॅडम, तुम्हीन सांगा ना तिले. तुम्हनं ऐकस ती. शनवारले अध्यक्ष येतस. आठ माणसं. दोन कोंबड्या लागतीन."

"सर, मागच्या वेळी डब्यात हाडं आली होती."

"ऱ्हावू द्या वो. पोरंटोरं होती संगे. आता तिन्हाच कामना कागद शे त्यास्नाजोडे. खूश व्हयनात तर सही व्हई जाई."

म्हणजे तिच्याच नेमणुकीचा कागद. मी निरोप सांगितला. हो, मीच सांगितला. तिचं भलं होईल असं मला वाटलं. त्या कागदावर नऊ वर्षांच्या कामाने सही व्हायला हवी होती, कोंबडीने नाही, हे मला तेव्हा म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

एस्तेरने ऐकलं आणि म्हणाली, "बरं. करते. शनिवारी तुम्ही या हाताखाली."

सायीसाठी दोन दिवस तिने डेअरीत दूध घातलं नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी गेले, तेव्हा तलंगा कापून, साफ करून, आलं-लसूण-मिरचीच्या दह्यात मुरत ठेवल्या होत्या. शाळेत त्या संध्याकाळी गजराबाई एकटी होती, म्हणून मुलांना नुसती खिचडी. हेही सरांनीच ठरवलं होतं.

लिडिया पाट्यावर चारोळी वाटत होती. वरवंटा असा आपटत होती की पाटा फुटेल.

"हळू गं," एस्तेर म्हणाली.

"आई, आठवी वेळ आहे ही. त्यांच्या घरी चूल नाही का?"

"वाट मुकाट्याने."

"कॉलेजात मुली विचारतात, आई काय करते? सांगू का, अध्यक्षांची हाडं धुते?"

खाटेवरून इमॅन्युएल म्हणाला, "लिडिया, पुरे." मग हळूच, "खोटं नाही बोलत पण ती."

एस्तेरने दोघांकडेही पाहिलं नाही. पातेल्यात तेल, त्यात उभा चिरलेला कांदा, लाल होऊ न देता. लाल झाला की रंग गेला. मग मुरलेलं चिकन. वर ताटली, ताटलीत पाणी. गावठी कोंबडी लवकर शिजत नाही, तासभर ती वाफेवरच राहते. मी दुधावरची साय वाटीत काढत बसले. मध्येच ती झाकण उचलायची, वास घ्यायची, परत ठेवायची. चारोळीचं वाटण घातलं तेव्हा रस्सा पांढरा झाला. मग तिने चुलीतली लाकडं बाहेर ओढली, नुसते निखारे ठेवले. वाटीतल्या सायीत आधी डावभर गरम रस्सा घालून ती सैल केली आणि मग धार धरून पातेल्यात सोडली.

"थंड साय एकदम टाकली तर फुटते," ती म्हणाली. "उस्तादाची दोन वेळा फुटली होती. मार मला बसला."

"तुला का?"

"कढई नीट घासली नाही म्हणून."

साडेपाच झाले असतील. ऊन अंगणातून सरलं होतं. तिने अंगण झाडलं, पाणी शिंपडलं आणि लिडियाला म्हणाली, "पत्रावळी काढ. आठ."

लिडिया बघत राहिली. मीही. एस्तेरने स्वतःच आठ पत्रावळी ओळीने मांडल्या, प्रत्येकीजवळ पाण्याचा पेला ठेवला, बाजूला हात धुवायला बादली ठेवली. तांदळाच्या भाकरी फडक्यात गुंडाळून आणल्या. मला तिच्या मनातलं कळलं.

"एस्तेर," मी म्हटलं, "कागदाचं काय?"

"कागदासाठीच बोलावतेय ना. सही करायला हात धुवून बसतील."

छगन आला. पिशवी हलवतच आला. पत्रावळी बघून थांबला.

"कोन येई ऱ्हायनं वं बाई?"

"तुझे साहेब. जा, घेऊन ये. जेवण तयार आहे."

"मस्करी नको करू. भर ना डबा. त्या तठे वाट देखी ऱ्हायनात."

"डबा नाही. इथे बसून जेवायचं. आठ पानं मांडली आहेत. तुला नववं मांडते."

छगनचा चेहरा उतरला. "मी त हमाल शे. मन्हावर कसाले चिडस तू?"

"तुझ्यावर नाही चिडले, छगनदादा. तुला तरी चार वर्षांत एक तुकडा कुणी दिला का?"

मग त्याने सरांना फोन लावला आणि फोन मोठ्या आवाजावर करून तिच्यापुढे धरला, जणू फोन भाजत होता.

"एस्तेर, काय नाटक आहे हे?" सरांचा आवाज.

"नाटक नाही सर. जेवायला बोलावते आहे."

"अगं, ते कसे येतील तुझ्याकडे?"

"पायाने. गाडी असेल तर गाडीने. रस्ता आहे दारापर्यंत."

"तुला कळतंय का? तुझ्या नोकरीचा कागद त्यांच्या खिशात आहे."

"मग खिसा घेऊनच या म्हणावं."

इमॅन्युएल खाटेवर हसला आणि कंबर धरून कण्हला. पलीकडे सरांचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "मॅडम आहेत का तिथे?"

"आहे, सर," मी म्हटलं.

"तुम्ही काय करताय तिथे?"

"साय काढून दिली, सर."

फोन बंद झाला. एस्तेरने छगनला पाणी दिलं. ते तो उभ्यानेच प्यायला. ती बस म्हणाली, तर तो पातेल्याकडे एकदा बघून म्हणाला, "माले भी लेकरं शेतस, बाई," आणि रिकामी पिशवी घडी करून निघून गेला. त्याचा राग मला आला नाही. किंवा आला, पण त्याच्यावर काढण्यात अर्थ नव्हता.

पंधरा मिनिटांनी सर स्वतः आले. गाडीवरून उतरले नाहीत. अंगणाभोवतीच्या कुडाच्या बाहेरूनच, आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, झालं गेलं मी कुणाला सांगत नाही. डबा भर, मी नेतो. म्हणतो उशीर झाला."

एस्तेर कुडापाशी गेली. "सर, ते राहू द्या. तुम्ही तर या. नऊ वर्षं तुमच्या मुलांना मी जेवू घालते. तुम्ही बसा एका पानावर. मग डबा काय, पातेलं देते."

हे ती मनापासून म्हणाली. मी तिचा चेहरा बघत होते. सर बसले असते, तर तिने खरंच पातेलं दिलं असतं, रीत-बीत सगळं गिळून. एक माणूस बसला असता तरी तिला पुरलं असतं.

सरांनी घड्याळात पाहिलं. "मी घरून जेवून निघालो," ते म्हणाले.

सव्वासहा वाजता!

एस्तेरचा आवाज तेव्हा चढला. इतकी वर्षं मी तो ऐकला नव्हता. "माझ्या अंगणातली कोंबडी चालते. माझ्या म्हशीची साय चालते. माझा हात त्यात फिरला तो चालतो. फक्त माझी जमीन चालत नाही बसायला? कुठे विटाळ होतो सर, सांगा ना. तोंडाला नाही होत, मग बुडाला होतो का?"

शेजारच्या घरातले लोक बाहेर आले होते. सरांनी गाडीला किक मारली. जाताना म्हणाले, "जूनमध्ये कळेल."

गाडीचा आवाज गेला. एस्तेर पत्रावळींपाशी आली. मला वाटलं आता रडेल. ती पहिल्याच पत्रावळीवर मांडी घालून बसली आणि लिडियाला म्हणाली, "वाढ. मला काळीज वाढ."

प्रार्थनेसाठी हात जोडले, पण शब्द निघेनात. इमॅन्युएलने खाटेवरून प्रार्थना म्हटली. मीही मनात महादेवाचं नाव घेतलं. त्याच्याकडे त्या दिवशी मी काहीच मागितलं नाही, फक्त तू बघतो आहेस ना, एवढंच विचारलं. आम्ही चौघं जेवलो, बाकीच्या पानांवर शेजारच्यांना बोलावलं. इतकं चांगलं झालेलं चिकन मी त्याआधी खाल्लं नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगते. सोमवारी सरांनी माझ्यापुढे एक अर्ज ठेवला. स्वयंपाकी कर्मचारी एस्तेर गावित यांनी वरिष्ठांशी उद्धट वर्तन केले, साक्षीदार म्हणून सही. मी म्हटलं, सर, तुम्ही कुडाबाहेर काय बोललात तेही यात लिहा, मग सही करते. अर्ज त्यांनी उचलून घेतला. जूनपासून मुलींच्या वसतिगृहाची रात्रपाळी कायमची माझ्याकडे आली. असू दे. एस्तेरला शाळा उघडायच्या दिवशी फाटकातूनच परत पाठवलं. कायम जागेचं तर सोडाच, मानधनावरची जागाही गेली. त्या मानधनावर दिवलीबाईला घेतलं. पलीकडच्या पाड्यावरची, नवरा गेलेली, चार लेकरांची आई. कायमची जागा रिकामीच ठेवली आहे. ती रिकामी ठेवून बायकांना तिच्या आशेवर राबवण्यातच त्यांचा फायदा आहे, हे आता मला कळतं.

जुलैत एस्तेर हद्दीपलीकडे गुजरातेत, व्याऱ्याकडे भात लावायला जाऊ लागली. रविवारी मात्र चर्चसाठी घरी असते. अशाच एका रविवारी दुपारी मी तिच्याकडे बसले होते, तर दिवलीबाई आली. दारातच उभी राहिली, पदराचं टोक पिळत.

"एस्तेर, ते पांढरं चिकन कसं करतात गं? बुधवारी अध्यक्ष येणार आहेत."

एस्तेर हातातलं सूप ठेवून उठली. "तुझ्याकडे मागितलं?"

"सर म्हणाले, कर. माझ्याकडे तीनच कोंबड्या आहेत."

"येत नाही म्हणून सांग!"

"सांगितलं. सर म्हणाले, एस्तेरकडून शिकून ये."

एस्तेर हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "शिकून ये? मला फाटकातून हाकललं आणि माझी विद्या मात्र पाहिजे? सरांना सांग, एस्तेर शिकवायला तयार आहे. शिकायला त्यांनाच पाठव. चुलीपुढे पाट ठेवते. आणि तू गं, कशाला आलीस? लाज नाही वाटत? माझ्या जागेवर बसून माझ्याच दारात मागायला आलीस?"

दिवलीबाईचे डोळे भरले. ती म्हणाली, "मला दुसरं कोण सांगणार?" आणि मागे वळून चालू लागली.

एस्तेर उंबऱ्यात उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "बाई, हिच्यावर कशाला ओरडले मी?"

मी काही बोलायच्या आत ती अंगणात धावली. "दिवली! ए दिवली! चहा तरी घेऊन जा!"

दिवलीबाई वळणावर थांबली. वळून पाहिलं, हात हलवला, पण परत आली नाही. दोनशे दहा मुलांचा संध्याकाळचा स्वयंपाक तिला एकटीला करायचा होता आणि चार वाजत आले होते.